आधी गव्हाण, मग ताट

मेंढपाळाच्या वाड्यावर रोज मटण शिजत असेल, असा शहरातल्या पुष्कळांचा समज असतो. दारात दोनशे मेंढरं असताना माणूस कोरड्यास कशाला शोधील? पण पुरंदर, फलटण, माण किंवा पारनेरकडच्या हटकर धनगरांच्या वाड्यावर दिवेलागणीला गेलं, तर चुलीवर बहुतेक दिवस बाजरीची भाकरीच दिसते. सोबत ठेचा, नाहीतर बेसन, नाहीतर हुलग्याचं पातळ कालवण. मटण शिजतं ते जत्रेला, लग्नकार्याला, नवस फेडताना. दर रविवारी खाटकाच्या दुकानापुढे रांग लावणारा पुण्यातला नोकरदार वर्षाकाठी मेंढपाळापेक्षा जास्त मटण खात असेल, तर त्यात नवल नाही.

जित्राबं पाळणारी आणि रान कसणारी माणसं काय खातात, का खातात आणि हाताशी असूनही काय खात नाहीत, हा इथला विषय आहे. नुसत्या आवडीनिवडीची चौकशी करत गेलं तर त्यात फार काही हाती लागत नाही. आवड असतेच, बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा कुणाला नको असतो? पण या घरांत ताटाचा निकाल चुलीपाशी जाण्याआधीच लागलेला असतो. गव्हाणीत काय पडलं, वाघरीत, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या कुंपणात, किती कोकरं आहेत, दूध डेअरीला किती गेलं, रान कुणाचं आणि चारण्याची मुभा कुणाला, हे सगळं आधी ठरतं. माणसाच्या तोंडाची पाळी त्यानंतर.

मेंढीचा हिशेब समजला की मटणाचं कोडं सुटतं. दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. माद्या कळपात ठेवायच्या आणि नर तीन-चार महिन्यांचे झाले की व्यापाऱ्याला द्यायचे, अशी रीत. वर्षाची रोकड त्यातूनच येते. कळप म्हणजे मुद्दल आणि कोकरू म्हणजे व्याज. मुद्दलात हात घालणाऱ्याची भाऊबंदांत काय पत राहते, हे वेगळं सांगायला नको. दुधाचंही तेच. मेंढीचं दूध कोकराचं, त्यावर माणसाने डोळा ठेवायचा नाही. पोरांना घोटभर आणि चहापुरतं मिळावं म्हणून कळपात चार-दोन शेळ्या असतात. एखादं जनावर पाय मोडून पडलं, वाचणार नाही असं दिसलं, तर ते कापतात आणि वाटे पडतात. मांस खायचा दिवस ठरवते ती भूक नव्हे, अपघात किंवा देव.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गारोल मेंढीतलं जुळी देणारं जनुक दख्खनी मेंढीत आणलं आणि 'नारी सुवर्णा' ही जात तयार केली. कागदावर उत्पन्न वाढतं आणि पुष्कळदा खरोखरच वाढतं. पण दोन कोकरं जगवायची तर मेंढीला दूध हवं, दुधाला खुराक हवा, आणि खुराक म्हणजे मका, पेंड, भरडा. चाऱ्याच्या तंगीच्या वर्षी हा भरडा कुठून काढायचा? मेंढी नुसत्या रानावर चरते तोवर तिचं पोट आणि घराचं पोट यांचं भांडण नसतं. ती दाणा खायला लागली की दोघांचा हिशेब एकाच पोत्यातून सुरू होतो.

ही काटकसर एकट्या धनगरांची नाही. दक्षिण सुदानमधल्या नुएर लोकांवर इव्हान्स-प्रिचर्ड या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० साली गाजलेलं पुस्तक लिहिलं. गुरांवर जीव टाकणारे, गुरांवरून कविता करणारे, गुरांसाठी मारामाऱ्या करणारे हे लोक मांसासाठी गाय सहसा मारत नसत. बळी दिला की मांस. एरवी दूध आणि ज्वारी. हजारो मैलांवरचे, भिन्न देवांचे लोक, पण हिशेब ओळखीचा.

आता वाड्यावरची चूल जरा जवळून पाहू. चूल म्हणजे तीन दगड. पुरुष मेंढरं घेऊन रानात गेलेले असतात आणि मुक्काम हलवायचं काम बायांकडे. घोड्यांवर बिऱ्हाड लादायचं: भांडी, वाकळा, घोंगड्या, पिठाचं गाठोडं, खुराड्यातल्या कोंबड्या, काल-परवा जन्मलेली कोकरं आणि त्या सगळ्यावर बसवलेलं एखादं पोर. नव्या जागी उतरलं की पाणी कुठे आहे ते बघायचं, सरपण गोळा करायचं, वाघर लावायची, कोकरं पाजायला सोडायची. एवढं उरकल्यावर स्वयंपाक. अशा वेळी जे अन्न एका तव्यावर, एका पातेल्यात, कमी पाण्यात आणि काट्याकुट्यांच्या जाळावर होतं तेच टिकतं. पोळीला पोळपाट-लाटणं आणि तेलाचं बोट लागतं; भाकरीला काठवट आणि दोन हात पुरतात. दुपारी रानात जाणाऱ्याच्या फडक्यात बांधून द्यायला तिच्यासारखी दुसरी सोय नाही.

पण भाकरीचेही नखरे असतात. बाजरीच्या दाण्यात तेलाचा अंश जास्त, त्यामुळे तिचं पीठ थोड्याच दिवसांत कडवट होतं. ज्वारीच्या पिठाची विरी गेली की भाकरी थापतानाच फाटते. म्हणून दळण थोडं थोडं आणि वारंवार करावं लागतं. घर असलेल्याला यात अडचण नाही. रोज मुक्काम बदलणाऱ्या बाईला मात्र पुढल्या गावात गिरणी आहे का, असली तर आज वीज आहे का, हे बघून पीठ पुरवावं लागतं. भाजी म्हणजे बांधावरची: तांदुळजा, पाथरी, घोळ. ज्याच्या रानात मुक्काम, त्याने वांगी-मिरच्या दिल्या तर त्या. आहारतज्ज्ञ ज्याला आहारातलं वैविध्य म्हणतात ते इथे शेतकऱ्याच्या मर्जीवर बरंच अवलंबून असतं.

आणि शेतकऱ्याची मर्जी लेंडीवर. सातारा हा एकच जिल्हा घ्या. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पूर्वेला माणमध्ये तो पाचशेच्या आतबाहेर. दिवाळी उलटली, माळावरचं गवत वाळलं, की पूर्वेकडचे कळप घाटाखाली निघतात. कुणी वरंध्याने, कुणी ताम्हिणीने, कुणी माळशेजने. खाली कोकणात भाताची खाचरं रिकामी झालेली असतात. तिथल्या शेतकऱ्याला खत हवं असतं. मेंढपाळाला चारा आणि दाणा. मग शेतात मेंढरं बसवतात. रात्रभर कळप खाचरात वाघरीत बसतो, लेंड्या आणि मूत मातीत मुरतात, आणि सकाळी त्याचे ठरल्याप्रमाणे तांदूळ, भात किंवा पैसे मिळतात. जो माणूस आषाढात बाजरी खातो तोच माघात भात खाताना दिसतो. त्याच्या पातेल्यातला भात पाहून कुणी म्हणेल, धनगरांची चव बदलली. चव तीच आहे. तो भात लेंडीचा मोबदला आहे.

मिरगाच्या आत कळप परत वर चढतात, कारण कोकणातल्या पावसात मेंढीची लोकर भिजून राहते आणि खूर सडतात. म्हणजे माणसाने कुठल्या महिन्यात कुठलं धान्य खायचं हे शेवटी मेंढीच्या खुरांवर येऊन थांबतं. अलीकडे पुष्कळ ठिकाणी मोबदला रोख मिळतो. रोख आली की ताट सुधारेल, असं वाटणं साहजिक आहे. पण रोखीने वाड्यावर पहिल्यांदा येतात ती साखर, चहापत्ती, पामतेल आणि बिस्किटाचे पुडे. कारण सरळ आहे: या वस्तू शिजवाव्या लागत नाहीत किंवा फार वेळ खात नाहीत, आणि कुठल्याही फाट्यावरच्या टपरीत मिळतात.

सह्याद्रीच्या माथ्यावरच्या गवळी धनगरांची गोष्ट निराळी आणि तरीही जवळची. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी त्यांच्यावर केलेला अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. म्हशी राखणारी ही माणसं जंगलात, उंचावर, चार-दोन घरांच्या वस्त्यांत राहत. बाजार खाली, वाट पायाची. दूध तिथवर पोचेपर्यंत नासणार. म्हणून विरजायचं, घुसळायचं, लोणी कढवून तूप करायचं, ते खालच्या गावात द्यायचं आणि बदल्यात धान्य आणायचं. घरात उरायचं ताक. उतारावर थोडी नाचणी पिकवायची, जी कीड न लागता वर्षानुवर्षं टिकते. दुधाच्या धंद्यातल्या माणसाच्या घरात दुधातला सगळ्यांत पातळ भाग राहावा, यात विचित्र काही नाही. स्निग्ध तेवढं वाट चालून बाजारात जातं. मावळात-कोकणात ज्याला आज पारंपरिक आणि पचायला हलकं म्हणून नावाजतात, त्या ताकाच्या मागे अशी वाहतुकीची अडचण उभी आहे.

शेतकऱ्याकडे वळलं तरी जनावर पाठ सोडत नाही.

सोलापूर, मंगळवेढा, बार्शी हा शाळूचा मुलूख. पाऊस सरता सरता पेरायचं, काळ्या जमिनीतल्या ओलीवर पीक काढायचं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. इथली मालदांडी, म्हणजे एम ३५-१ हे वाण, १९३०च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर निवडलं गेलं. त्यानंतर कितीतरी सुधारित वाणं आली, जास्त उत्पन्न देणारी आली, तरी मालदांडी हटली नाही. दाणा टपोरा, पांढरा, भाकरी मऊ, हे खरंच. पण बियाण्याच्या दुकानात शेतकरी जो प्रश्न हमखास विचारतो तो कडब्याचा. ताट किती उंच होतं? बारीक आहे का? बैल खाईल का? १९६४ साली आलेल्या सीएसएच-१ या पहिल्या संकरित ज्वारीने दाणा भरपूर दिला, पण ती बुटकी. शिवाय खरिपात ऐन पावसात दाणा भरायचा आणि काळा पडायचा. लोकांनी 'हायब्रीड'ला नाक मुरडलं. शास्त्रज्ञांना आधी वाटलं, हा चवीचा हट्ट असावा.

पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने १९७५पासून सहा गावांचा बारकाईने अभ्यास सुरू केला. त्यांत सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोल्याकडची कांझरा आणि किनखेड ही गावं होती. वर्षानुवर्षं घराघरांतला हिशेब मांडल्यावर कोरडवाहू शेतकऱ्याचा व्यवहार पुष्कळ उलगडला. कडबा हे ज्वारीचं दुय्यम उत्पन्न नाही. चाऱ्याच्या तुटीच्या वर्षी त्याचं मोल दाण्याच्या जवळ जाऊन बसतं. बैल जगला नाही तर पुढच्या वर्षी पेरायचं कशाने? ज्वारीची भाकरी सोलापूरच्या ताटात टिकली त्याचं बरंचसं श्रेय त्या गव्हाणीतल्या बैलाला आणि आता बैलाच्या जागी आलेल्या संकरित गाईला द्यावं लागेल. सुगीत शाळू मुळासकट उपटायचा, पेंढ्या बांधायच्या, गंज रचायची, या कष्टाला आज मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर परवडत नाहीत. तरी लोक चार पांड का होईना शाळू करतात. नुसत्या भाकरीसाठी इतकं कुणी करेल, असं वाटत नाही.

असे दाखले पाहिले की सगळंच उपयुक्ततेने समजावून सांगायचा मोह होतो. मार्विन हॅरिस या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाला तो झालाच. १९६६ साली त्यांनी मांडलं की भारतात गाय पवित्र मानण्यामागे पक्का व्यवहार आहे: बैल, शेण, इंधन, दूध. ती न खाण्यातच शहाणपण आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांना हे पटलं नाही. १९६९ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त त्यांनी हॅरिसना उत्तर दिलं. जे चाललं आहे ते चाललं आहे म्हणूनच शहाणपणाचं, असं मानायला ते तयार नव्हते. निरुपयोगी जनावरं अर्धपोटी पोसण्यात कसला आलाय व्यवहार, हा त्यांचा रोख. वाद जुना झाला, संपला नाही. २०१५च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. थकलेला बैल विकून नवा घेण्याची शेतकऱ्याची सोय गेली, आणि ज्यांना तेच मांस परवडत होतं त्यांच्या ताटातून ते गेलं. एका कायद्याने गव्हाण आणि ताट दोन्ही हलली.

हॅरिसच्या मांडणीत जात कुठे बसते, हाही प्रश्न आहे. मेलेलं ढोर ओढून न्यायचं काम गावाने महारांवर लादलेलं होतं आणि त्याचं मांस हा त्या कामाचा जणू मोबदला. कुणब्याने गोमांस न खाणं आणि महारवाड्यात ते शिजणं, या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू होत्या. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांतलं हे खाणं, वाळवून ठेवलेल्या चान्यांसकट, पाककृतींसह नोंदलेलं आहे. मराठी पाकपुस्तकांनी ज्याची इतकी वर्षं दखल घेतली नाही ते तिथे वाचायला मिळतं. मार्च १९२७च्या महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचं मांस सोडा, असं आवाहन केलं. पुष्कळांनी सोडलं. पोटाच्या हिशेबात हा निव्वळ तोटा होता. फुकटचं मांस गेलं आणि त्या जागी दुसरं काही आलं नाही. चारा, पाऊस, बाजार या कशानेही हा निर्णय समजत नाही. माणसं उपाशी राहूनही एखादा घास नाकारतात, हे ज्या सिद्धांतात बसत नाही तो सिद्धांत अपुरा.

देवाधर्माच्या खाण्यातही जनावर डोकावतं, आणि ते फार गमतीने. ऋषिपंचमीला व्रत करणाऱ्या बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगराने पिकवलेलं धान्य वर्ज्य. अळू, सुरण, माठ, भेंडी, परसातलं जे हाताने लावलेलं आणि आपसूक आलेलं, त्याची मिसळीची भाजी करतात. वसुबारसेला गाय-वासराची पूजा आणि त्या दिवशी गहू, दूध, तूप नाही. बाजरीची भाकरी आणि गवार. पोळ्याला पुरणपोळी आधी बैलाच्या तोंडात जाते. एक दिवस का होईना, कुणाच्या श्रमावर आपण जेवतो याची ही उजळणी. ती बहुतेक ठिकाणी बायकांच्या उपासातून केली जाते, हेही लक्षात घ्यायला हवं.

खंडोबाच्या घरात तर शेताभाताचं जग आणि मेंढराचं जग एकत्रच नांदतं. म्हाळसा वाण्याच्या घरची, बाणाई धनगराची. देवाने बाणाईसाठी मेंढरं राखली, अशी कथा सांगतात. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावर १९७६ साली ग्रंथ लिहिला; धनगरांच्या वाड्यांवर राहून, ओव्या ऐकून. त्यातून दिसतं की दख्खनचे हे देव कळपांच्या वाटेवरून फिरले आणि शेतकऱ्यांच्या गावांत स्थिरावले. चंपाषष्ठीला देवापुढे वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा ठेवतात. चातुर्मासात बंद असलेलं वांगं त्या दिवशी सुटतं. नवी बाजरी घरात आलेली असते, बाजारात वांग्यांचा पूर असतो. देवाला तेच आवडतं जे त्या महिन्यात भरपूर असतं.

बायकांचा विषय निघालाच आहे, तर एक अभ्यास नमूद केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आहार, काम आणि बाळांची वजनं यांचा मागोवा घेतला. या बायांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन सुमारे ४२ किलो; बाळांचं २.७ किलोच्या आसपास. भाकरी किती खाल्ली याचा बाळाच्या वाढीशी फारसा संबंध दिसला नाही. दिसला तो पालेभाज्या, फळं आणि दूध यांच्याशी. ज्या बायांच्या खाण्यात हे वरचेवर होतं त्यांची बाळं मोठी. आणि शेतात, घरात, विहिरीवर ज्यांचं काम सर्वांत जड, त्यांची बाळं लहान.

दूध घरात नव्हतं असं नाही. १९७०च्या दुग्धक्रांतीनंतर पश्चिम महाराष्ट्रात दारोदारी संकरित गाई आल्या, वारणा-गोकूळसारखे संघ वाढले, आणि दूध हे कुणब्याच्या घरातलं रोखीचं पीक झालं. सकाळ-संध्याकाळ किटली डेअरीवर जाते, फॅट लागते, बिल मिळतं. त्या बिलावर शाळेची फी, किराणा, सोसायटीचा हप्ता. म्हणून वासराला आणि घराला बेताचंच ठेवतात. गाय विकत घेताना, वैरण कापताना, धार काढताना, शेण काढताना घरातली बाई पुढे असते. दूध प्यायची पाळी आली की ती शेवटी. घरात गाई असूनही कोरा चहा, हे चित्र दुधाच्या पट्ट्यात नवं नाही. गवळी धनगराच्या तुपाची गोष्ट इथे पुन्हा भेटते, फक्त पायवाटेच्या जागी टँकर आला आहे.

आता सरकार. १९७२च्या दुष्काळात अमेरिकेतून लाल मिलो ज्वारी आली. तिकडे ती गुरांना घालतात, हे लोकांना कळलं आणि खाववेना. खाल्ली अर्थात. दुष्काळी कामांवर सुकडी मिळायची, खडी फोडून आलेल्या मजुरीत मिलो. त्या पिढीच्या तोंडात ती चव अजून आहे. पुढे रेशनवर गहू-तांदूळ रुळले. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो केला; जानेवारी २०२३पासून दोन्ही फुकट. त्या कायद्यात भरडधान्यही होतं, एक रुपया किलोने, पण दुकानात दिसायचे ते बहुधा गहू आणि तांदूळ. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात देशात ज्वारीखाली सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन होती. ती आता ४० लाखांच्या आसपास आली आहे. भाकरी गरिबाची आणि पोळी सणाची, हा क्रम दोन पिढ्यांत उलटला. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं तेव्हा शहरातल्या दुकानांत ज्वारीचं पीठ गव्हाच्या पिठापेक्षा महाग होतं. कोरडवाहू गावात पोरं चपाती मागतात आणि कोथरूडमध्ये डॉक्टर भाकरी लिहून देतात.

चाऱ्याच्या रानाचं काय झालं, हे तर शंभराहून जास्त वर्षं चालू असलेलं रडगाणं आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्यावर कोरडे ओढले, त्यातला एक मुद्दा हाच: डोंगर, कुरणं, गायरानं सरकारने बंद केल्यावर चार शेळ्या-मेंढ्यांवर गुजराण करणाऱ्याने जायचं कुठे? ब्रिटिशांचा वनकायदा १८७८चा. मेंढपाळ तेव्हापासून वनरक्षकाच्या नजरेला नजर न देता चारायला शिकला. पुढे धरणं आली, उजनीच्या पाण्यावर करमाळा-इंदापूरकडे ऊस आला. ज्या माळावर हुलगे, मटकी, बाजरी आणि मेंढरं होती तिथे हिरवा फड उभा राहिला. हुलग्याचं कालवण ताटातून गेलं ते कुणाच्या नावडीने नव्हे; त्याची जमीनच गेली. २०१९च्या पशुगणनेत राज्यात मेंढ्या सुमारे २७ लाख, तर शेळ्या एक कोटीच्या वर. शेळी बांधावर, वाढ्यावर, घरामागे जगते, बाईच्या हाताखाली राहते. मेंढीला रान लागतं.

हे सगळं मोजायची आपली रीत मात्र अजून बसल्या घराची आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय पोषण सनियंत्रण केंद्रापासून आजवरच्या आहार-पाहण्यांत एक ठरलेला प्रश्न असतो: गेल्या चोवीस तासांत काय खाल्लं? नोकरदाराच्या घरी त्याचं उत्तर बरंच काही सांगतं, कारण त्याचा मंगळवार बुधवारसारखाच असतो. माणमधल्या मेंढपाळाला हा प्रश्न श्रावणात विचारला तर बाजरी, पौषात विचारला तर तांदूळ, आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी विचारला तर मटण. पौषात तो घरी सापडणारच नाही. पाहणी करणारा येऊन कुलूप बघून जाईल. सोलापूरच्या शेतकऱ्याच्या घरी बाईला विचारलं तर ती घरात काय शिजलं ते सांगते. तिच्या वाट्याला काय उरलं, हे वेगळं विचारावं लागतं, आणि पुष्कळदा सासूसमोर त्याचं उत्तर मिळत नाही.

रेशनकार्ड आता फिरतं झालं आहे. ऑगस्ट २०१९मध्ये महाराष्ट्र-गुजरातपासून आणि आंध्र-तेलंगणापासून 'एक देश, एक रेशनकार्ड' सुरू झालं. नियमाप्रमाणे माणमधल्या दहिवडीचं कार्ड कोकणातल्या माणगावच्या दुकानात चालायला हवं. घाटाखाली उतरलेल्या वाड्यातली बाई दुकानापर्यंत दोन-तीन मैल चालून गेली, घासलेल्या बोटांचा ठसा यंत्राने घेतला आणि त्या दिवशी नेटवर्क असलं, तर तिला तांदूळ आणि गहू मिळतो. तांदूळ शेतकऱ्याकडूनही मिळालेलाच असतो. गव्हासाठी तिच्याजवळ पोळपाट नाही. बाजरी ती आठवडी बाजारातून विकत आणते.